जोडनावेच्या जाळीची निवड : प्रस्तावना

दोन अरुंद नावा समांतर ठेवून त्या आडव्या दांड्यांनी एकमेकींस जखडाव्यात, मधल्या मोकळ्या चौकटीत कापड अथवा जाळी ताणून बसवावी, आणि पुढल्या दांड्यावर डोलकाठी उभी करून शीड चढवावे, म्हणजे जी हलकी, उथळ पाण्यातही चालणारी आणि अनुकूल वाऱ्यात विलक्षण वेगाने धावणारी नौका सिद्ध होते, तिला आज सर्वत्र कॅटमरान म्हणतात. तिच्या त्या ताणलेल्या मधल्या भागाला नाविकांच्या व्यवहारात ट्रॅम्पोलिन हे नाव आहे. प्रस्तुत पुस्तिकेत त्यास सोयीसाठी जाळी असेच म्हटले आहे. ही जाळी जीर्ण झाली असता तिच्या जागी दुसरी कोणती घ्यावी, ती कोणत्या धाग्याची व कोणत्या विणीची असावी, कोणाकडून शिवून घ्यावी आणि चौकटीवर कशी आवळावी, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. विषय लहान आहे हे कबूल केले, तरी तो उपेक्षणीय नाही. कारण लहान जोडनावेला दुसरी भुई नसते. नाविक बसतो त्या जाळीवर, वारा वाढला की पाय पट्ट्यांत अडकवून अंग बाहेर झोकतो ते त्या जाळीच्याच भरवशावर, आणि नाव उलटली असता पुन्हा सरळ केल्यावर तो प्रथम अंग टाकतो तेही तिच्यावरच. अशी जाळी फाटते तेव्हा ती सहसा किनाऱ्यावर, सवडीने फाटत नाही. वारा भरात असताना आणि तिच्यावर कोणाचा तरी भार पडलेला असताना फाटते.

असल्या विषयाची चर्चा महाड-पोलादपुरासारख्या, जेथून समुद्राचे दर्शनही होत नाही अशा प्रदेशात बसून का करावी, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान सावित्री नदीच्या पात्रात आहे. महाबळेश्वरी उगम पावून ही नदी घाट उतरते, पोलादपुराजवळ खडकांतून व धोंड्यांतून वाट काढते, महाडास गांधारीला पोटात घेते, आणि दासगावावरून पुढे रुंदावत जाऊन बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. खाडीतून चढणारी भरती महाडापर्यंत पोचते. त्यामुळे एकाच नदीच्या काठी, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, पोलादपूर हे डोंगराळ नदीचे गाव तर महाड हे एके काळचे बंदर, असा विलक्षण योग येथे जुळून आला आहे. बाणकोटचा हिंमतगड १७५६ च्या तहाने इंग्रजांनी आपल्याकडे ठेवून घेतला आणि त्यास फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले, तोही खाडीच्या या जलमार्गावरचाच; आणि १८०२ साली होळकरांकडून पराभूत होऊन पुणे सोडलेला दुसरा बाजीराव महाडास आला, तो पुढे किनारा गाठून जलमार्गानेच वसईस गेला. पडाव, मचवे आणि गलबते यांचा तो राबता आता उरलेला नाही. माल मुंबई-गोवा महामार्गाने धावतो, आणि बाणकोटच्या खाडीत वेसवी व बागमांडला यांच्यामधली मोटारी वाहून नेणारी फेरीबोट हेच त्या जलव्यवहाराचे ठळक अवशिष्ट रूप होय. तथापि भरती-ओहोटी, दुपारी पश्चिमेकडून वर चढणारा वारा आणि उथळ, गाळाचे पाणी ही तिन्ही जशीच्या तशी आहेत. आणि जी नाव हातभर पाण्यात चालते व दोघाचौघांनी उचलून काठावर ठेवता येते, तिला असल्या जलाशयाहून अधिक अनुरूप स्थान क्वचितच सापडेल.

शिवाय जोडनावेची मूळ कल्पना कोकणास परकी नाही. दोन होड्या वा ओंडके एकत्र बांधून केलेली सांगड नदी उतरण्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. आणि एका अंगाला उलांडी लावून अरुंद होडीस स्थैर्य देण्याची युक्ती कोकणपट्टीतील मासेमाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. पूर्वकिनाऱ्यावर तामिळ कोळ्यांचे बांधलेल्या लाकडांचे तराफे आणि प्रशांत महासागरातील बेटांवरच्या लोकांच्या जोडनावा यांनी हाच विचार आपापल्या परीने पुढे नेला. पाश्चात्त्यांना त्याचे महत्त्व पटण्यास पुष्कळ काळ लागला. १८७६ साली नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन नौकारचनाकाराने ‘अ‍ॅमरिलिस’ नावाची जोडनाव न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवून प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले, तेव्हा तिच्या गुणांचा गौरव होण्याऐवजी तिच्यावर हरकतच घेण्यात आली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील होबी आल्टर या लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनविणाऱ्या गृहस्थाने फायबरग्लासच्या लहान जोडनावा बाजारात आणल्या, आणि त्यांपैकी होबी १६ ही सुमारे ५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि सुमारे १४५ किलो वजनाची नौका जगभरच्या वाळूच्या किनाऱ्यांवर इतकी रुळली की आजही लहान कॅटमरान म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहते. ऑलिंपिक सामन्यांत टॉर्नेडो ही जोडनाव १९७६ पासून २००८ पर्यंत होती, आणि २०१६ पासून तिची जागा नाक्रा १७ ने घेतली आहे. होबी १६, टॉर्नेडो आणि नाक्रा १७ या नौकांत लाकडी तक्तपोशी नाही. आहे ती ताणलेली जाळीच, आणि पुष्कळ नौकांत ती केवळ बसण्याचे साधन नसून चौकटीला ताठपणा देणारा एक अवयवही आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जाळी कशाने मरते, असे विचारले तर बहुतेकजण खारे पाणी, लाटांचा मार आणि माणसांचा भार यांकडे बोट दाखवितात. या गोष्टींचा वाटा आहेच. परंतु खरा मारेकरी सूर्य आहे. लहान नौका आठवड्यातून काही तास पाण्यात असते आणि उरलेला सगळा वेळ किनाऱ्यावर, वाळूत किंवा एखाद्या अंगणात उघडी पडलेली असते. आणि प्रकाशातील अतिनील किरण कृत्रिम धाग्यांची वीण आतून ठिसूळ करीत राहतात, मग नौका चालत असो वा नसो. सबब जाळीची निवड करताना ती पाण्यावर कशी वागेल याचा विचार जितका करावा, तितकाच, किंबहुना त्याहून थोडा अधिक, ती काठावर पडून असताना काय सोसणार आहे याचा करावा, हे या पुस्तिकेचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. कोकणातील चैत्र-वैशाखाचे ऊन ज्याने पाहिले आहे, त्याला ते पटवून देण्यास फार युक्तिवाद लागू नये.

धाग्यांच्या जातींविषयी पुस्तिकेत सविस्तर विवेचन आहे. येथे केवळ सारांश देतो. नायलॉन बळकट, लवचीक आणि स्वस्त असते, परंतु ते पाणी शोषते, ओले झाले की लांबते व त्याचे बळही काहीसे घटते. सकाळी ताठ बांधलेली नायलॉनची जाळी तासाभराच्या विहारानंतर पोट सोडते, असा जो अनुभव येतो त्याचे कारण हेच. पॉलिस्टर पाणी फारसे पीत नाही, कमी लांबते आणि उन्हात नायलॉनपेक्षा अधिक टिकते. पॉलिप्रोपिलीन सर्वांत हलके, पाण्यावर तरंगणारे आणि किफायतशीर, परंतु सूर्यापासून रक्षण करणारी द्रव्ये त्यात मिसळलेली नसतील तर ते लवकरच भुकटी होऊ लागते. डायनीमा नावाचा धागा वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी बळकट असून भाराखाली जवळजवळ लांबत नाही. त्याचे दोष म्हणजे किंमत, गुळगुळीतपणामुळे निसटणाऱ्या गाठी आणि दीर्घकाळ सततच्या ताणाखाली अगदी हळूहळू सैल पडण्याची प्रवृत्ती. ज्यास शर्यती जिंकायच्या नाहीत व नौका मोठी नाही, त्याने जाळीसाठी पॉलिस्टर आणि फक्त आवळण्याच्या दोरीसाठी डायनीमा, असा विचार केला तर त्याचा जमाखर्च जुळेल.

धाग्याच्या जातीइतकीच विणीचीही चौकशी केली पाहिजे. व्हिनाइलचा लेप दिलेले सलग कापड स्वस्त, टिकाऊ आणि अंगाला मऊ. पण त्यावर पाणी साचते, खालून येणारी लाट त्यास उचलू पाहते, आणि नाव आडवी झाली असता ते स्वतःच एक शीड बनून पाण्यात पडलेल्या माणसापासून नावेला दूर वाहवीत नेते. मोकळ्या विणीच्या कापडातून पाणी व वारा निघून जातात आणि पाऊल मात्र अडकत नाही, म्हणून लहान नौकेला तेच सर्वसामान्यपणे योग्य. मोठ्या जोडनावांच्या नाळेकडे बसवितात तसली मोठ्या घरांची बिनगाठीची जाळी लहान नौकेस लावू नये असे नाही. परंतु ज्या नावेवर लहान मुले बसणार, तेथे त्यांच्या पायांची बोटे कोणत्या आकाराच्या भोकातून खाली जातील हे आधी ताडून पाहावे.

येथे एका मोहाबद्दल सावध करणे अगत्याचे आहे. कोकणात मासेमारीची जाळी मुबलक मिळतात, ती विणणारे हात कुशल आहेत, आणि त्यांतलाच एखादा तुकडा चौकटीवर ताणून काम भागविण्याचा विचार कोणासही सुचेल. तो टाळावा. मासेमारीचे जाळे मासा धरण्यासाठी असते, माणसाचे वजन पेलण्यासाठी नव्हे. त्याचा एकपदरी धागा अनवाणी पायास कापतो, गाठी मांडीखाली रुततात, आणि प्रत्येक गाठीपाशी धाग्याचे बळ घटलेले असते. पाण्यातील त्याचे गुण चौकटीवर येताच दोष ठरतात.

रंगाचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. काळ्या धाग्यात मिसळलेली काजळी अतिनील किरण स्वतःत शोषून धाग्याचे रक्षण करते, म्हणून काळी जाळी अधिक वर्षे चालते; परंतु तीच जाळी एप्रिलच्या दुपारी इतकी तापते की तिच्यावर अनवाणी पाऊल ठरत नाही. पांढरी वा करडी जाळी पायास सुखद, पण अल्पायुषी. ज्याची नौका सावलीत, छपराखाली राहते त्याने फिकट रंगाची चैन करावी; ज्याची नौका उघड्यावर राहते त्याने काळा रंग घ्यावा आणि निघण्यापूर्वी जाळीवर दोन बादल्या पाणी ओतावे.

आता ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते तिच्याविषयी. ग्राहक कापडाबद्दल दहा प्रश्न विचारतो आणि शिवणीच्या धाग्याबद्दल एकही विचारत नाही. वस्तुतः जुन्या जाळ्या तपासल्या तर बहुधा कापड बऱ्या स्थितीत आणि शिवण मात्र उसवलेली आढळते. याचे कारण साधे आहे. शिवणीचा धागा बारीक असतो, कापडाच्या पृष्ठभागावर उघडा राहतो, आणि ऊन त्याच्या अंतर्भागापर्यंत कापडाच्या आधी पोचते. शिवाय सगळा ताण नेमका शिवणीतूनच कडेच्या दोरापर्यंत जातो. टेफ्लॉनच्या जातीचा धागा उन्हाने जवळजवळ खराब होत नाही. तो साध्या पॉलिस्टर धाग्याहून पुष्कळ महाग असला तरी एका जाळीस त्याचा जो थोडा पुरवठा लागतो त्यामानाने एकूण खर्चात पडणारी भर सोसण्यासारखी असते. तो मिळत नसेल तर जाड पॉलिस्टर धागा घेऊन दुहेरी-तिहेरी शिवण घालून घ्यावी. जुन्या जाळीची परीक्षाही शिवणीपासूनच करावी : नखाने टाका उचलून ओढला असता तो तुटत असेल, किंवा कापडावर नख घासले असता पांढुरकी भुकटी निघत असेल, तर त्या जाळीला ठिगळे लावण्यात पैसा घालू नये.

मापाविषयीचे प्रकरण वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावे. जुनी जाळी सोडून ती कारागिरापुढे नमुना म्हणून टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि सर्वांत फसवाही आहे. कारण वर्षानुवर्षे ताणलेली जाळी मूळ मापाहून मोठी झालेली असते, आणि तिच्या बरहुकूम शिवलेली नवी जाळी पहिल्या दिवसापासून सैल बसते. माप घ्यावे ते चौकटीचे. आणि तेही चौकट काटकोनात आहे की नाही हे दोन्ही कर्ण मोजून, ते समान आढळल्यावरच. जेथे दोरीने आवळायचे आहे तेथे दोनतीन इंचांची फट राहील इतकी जाळी आखूड असावी, नाही तर आवळण्यास जागाच उरत नाही. जाळीची कड ज्या खोबणीत सरकवायची, त्या खोबणीची रुंदी आणि कडेच्या दोराची जाडी यांचा मेळ नीट बसला पाहिजे : दोर जाड झाला तर तो आत जात नाही, बारीक झाला तर ऐन भारात बाहेर येतो. जुन्या जाळीचा नमुना खरोखर उपयोगी पडतो तो येथे, या दोराची जाडी ठरविण्यास.

दोरी ओवण्याच्या धातूच्या कड्या, म्हणजे आयलेटे, पितळेच्या की पोलादाच्या, याचाही पुस्तिकेत विचार केलेला आहे. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यास दुसऱ्या धातूचा सततचा स्पर्श झाला की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते, म्हणून आयलेट दांड्यास टेकता कामा नये. आणि शक्य असेल तेथे आयलेटांऐवजी पट्टीचे शिवलेले फासे घ्यावेत, कारण त्यांत भार अधिक जागेवर विभागला जातो. आवळण्याची दोरी एकच लांबलचक असू नये. ती दोनतीन स्वतंत्र तुकड्यांत असली, म्हणजे एके ठिकाणी घासून तुटली तरी सगळी जाळी एकदम सैल पडत नाही. नवारीची खाट विणणाऱ्यास जे उपजत ठाऊक असते, की पहिल्याच फेऱ्यात सारे बळ लावून ती सरळ होत नाही, फेऱ्याफेऱ्याने ताण सारखा करावा लागतो आणि काही दिवसांनी पुन्हा एकवार ओढावी लागते, तेच जाळीलाही तंतोतंत लागू आहे. मध्यापासून कडेकडे आवळत जावे, आणि पहिल्या दोनतीन विहारांनंतर पुन्हा आवळण्याची तजवीज ठेवावी.

जाळी कोठून आणावी, याचे उत्तर नौकेच्या उपयोगावर अवलंबून आहे. होबी १६ सारख्या वर्गाच्या अधिकृत शर्यतींत उतरायचे असेल तर त्या वर्गाचे नियम मान्यताप्राप्त भागांचाच आग्रह धरतात, तेव्हा तेथे निवडीस वावच नाही. अन्यथा दोन मार्ग खुले राहतात : परदेशातून तयार जाळी मागविणे, किंवा येथेच शिवून घेणे. तयार जाळी आपल्याच जिल्ह्यातील न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरली तरी मालाच्या किमतीवर वाहतूक, आयात जकात आणि कचेरीतील खेपा यांचा बोजा चढतो, आणि माप चुकले तर ती परत पाठविणे प्रायः अशक्य असते. उलट महामार्गावरील गावांत मालमोटारींच्या ताडपत्र्या व मांडवांची कापडे शिवणारे कारागीर असतात. जाड कापड हाताळण्याची, कडेत दोर घालण्याची व आयलेटे ठोकण्याची त्यांची हातोटी नित्याची आहे. त्यांना नौकेचा परिचय नसतो हे खरे. म्हणून धागा, कापड आणि कडेचा दोर आपण स्वतः पारखून आणावा, चौकटीचे माप कागदावर लिहून द्यावे, आणि शिवण्याचे काम निःशंकपणे त्यांच्यावर सोपवावे. या पुस्तिकेचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे हे लपविण्याचे कारण नाही. पाच वर्षांनी शिवण उसवली तर ती दुरुस्त करणारा माणूस जवळ असणे, ही काही लहान सोय नव्हे.

निगेविषयी या भूमीस अनुसरून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. महाडात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि महाबळेश्वराच्या डोंगरावरून उतरणारे पाणी व खाडीतून चढणारी भरती यांची गाठ शहराच्या आसपास पडली म्हणजे काय होते, हे जुलै २०२१ च्या महापुराने सर्वांस दाखविले आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. तो दंडक हौशी नौकांना लागू नसला तरी त्यामागचे शहाणपण लागू आहे. मेअखेरीस जाळी उतरवावी, गोड्या पाण्याने धुवावी, विणीत अडकलेली वाळू व गाळ काढावा, कारण ते कण प्रत्येक पावलागणिक धागे कापीत असतात; धुण्याचा सोडा किंवा रंग उडविणारी द्रव्ये वापरू नयेत; आणि सावलीत वाळवून, गुंडाळून, पुराच्या रेषेच्या वर, माळ्यावर ठेवावी. माळ्यावर उंदीर असतात याचा विसर पडू देऊ नये. पत्र्याची पेटी त्यासाठी उत्तम. पावसाळा सोडून उरलेले आठ महिने नौका उघड्यावर राहणार असेल तर जाळीवर एखादे जुने, जाड कापड पसरून ठेवावे. या आच्छादनाला नव्या जाळीच्या मानाने नगण्य खर्च येतो, आणि जाळीचे आयुष्य वाढविणारा याहून खात्रीचा उपाय प्रस्तुत लेखकास माहीत नाही.

पुस्तिकेची मांडणी पुढील क्रमाने केलेली आहे : प्रथम जुन्या जाळीची परीक्षा, मग धागे व वीण, मग माप, शिवण, बांधणी आणि शेवटी निगा. ज्यास सवड नाही त्याने माप आणि शिवण ही दोन प्रकरणे तरी वाचावीत, कारण कापडाच्या निवडीतील चूक सोसता येते, या दोहोंतील चूक मात्र पाण्यात उघडकीस येते. कमी पैशांत भागवायचे असेल तर कापड मध्यम प्रतीचे घ्या, पण शिवणीचा धागा उत्तम घ्या; आणि जाळी नवी असो वा जुनी, दर मोसमाच्या आरंभी नौका पाण्यात लोटण्यापूर्वी तिच्या शिवणी एकदा नखाने ओढून पाहा, एवढी विनंती करून ही पुस्तिका वाचकांच्या हाती देतो.